वाढणाऱ्याचा हात

चेहऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळत असे. म्हणून आयेने स्वयंपाकघरातून "गो भैरवी, दुर्वेश गावलो!" अशी हाक मारली, तेव्हा मी आधी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

फोनवर 'वत्सल'चं आवाहन चालू होतं. वत्सल म्हणजे माझीच संस्था. युद्धात सापडलेल्यांना अन्नऔषध पोचवायचं आणि त्यासाठी इकडच्या लोकांना पाझर फोडायचा, हे तिचं काम. पडद्यावर सेरवान देशातली छावणी होती. एक तरुण मोठ्या टोपात काहीतरी ढवळत होता, समोर पोरांची रांग, मागे स्वच्छ आभाळ, आणि आमची नेहमीची बासरी. तरुणाने मान वर केली. तेच रुंद कपाळ, तीच जोडलेली भुवई.

"आये, थांब," मी म्हटलं. "तो नाहीये. तुझ्या फोनने केलंय ते."

दुर्वेश माझा धाकटा भाऊ. वेंगुर्ल्याच्या आमच्या गाबिताच्या, मासेमारी करणाऱ्या घरातला, मालवाहू जहाजावर कुक. गेल्या वर्षी त्याचं जहाज सेरवानच्या बंदराला लागलं. हा भाजी आणायला उतरला आणि तेवढ्यात शहरात लढाई सुरू झाली. जहाज त्याला न घेताच निघालं. कंपनीच्या लेखी तो 'बेपत्ता'. आयेने वेंगुर्ल्याच्या घराला कुलूप घातलं आणि पुण्यात माझ्याकडे येऊन इथल्या शिळ्या माशांना नावं ठेवत ती त्याची वाट बघू लागली.

आता फोनने काय केलं होतं, ते सांगायला हवं. मेंदूला आपलं माणूस ओळखायला फार वेळ लागत नाही. समोरचा चेहरा आपल्या घरातल्यांशी किती जुळतो, याचा अंदाज तो आपल्या नकळत बांधतो आणि त्या हिशेबाने माया सोडतो. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. वत्सलच्या लोकांनी त्याचं यंत्र केलं आणि त्याला नाव दिलं आप्तछटा. ती तुमच्या फोनमधले घरच्यांचे फोटो वाचते आणि पडद्यावरच्या परक्या चेहऱ्याला त्यांच्याकडे किंचित झुकवते. भुवई जरा उचलते, हनुवटी जरा आखूड करते. जास्त झुकवलं तर माणूस दचकतो, कमी झुकवलं तर कंटाळून पुढे सरकतो. मधला काटा नीट बसलाय ना, हे बघणं माझं काम. बघणाऱ्याला फक्त एवढंच वाटतं, की हे परमुलुखातलं पोर आपल्या भाचीसारखं दिसतं हो. अंगठा आपोआप मदतीच्या बटणाकडे जातो. या सगळ्याला त्याने कधीतरी, न वाचता, संमती दिलेली असतेच.

आयेच्या फोनमध्ये दुर्वेशचे फोटोच फोटो होते. तिला सेरवानमधला कुठलाही तरुण दुर्वेशसारखा दिसणार, यात नवल काय? वत्सलकडे असे फोन ढिगाने येत. तुमच्या जाहिरातीतली बाई माझी वारलेली बहीण आहे, तुमच्या जाहिरातीतला म्हातारा माझे काका आहेत. आम्ही गोड बोलून त्यांची समजूत काढायचो.

मी हे सगळं आयेला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण चित्रफीत पुन्हा लावली. मग आणखी एकदा. शेवटी फोन ओट्यावर उपडा ठेवला.

"तू म्हणतस ता खरा," ती म्हणाली. "तोंड तेचाच असा, पण हात तेचो नाय. डाव्या हातान वाढता बघ. माझो झील उपाशी रवात, पण डाव्या हातान वाढूचो नाय."

दुर्वेश डावखुरा. आयेने त्याला कधी मारून उजवा केला नाही. काप, सोल, ढवळ, सगळं डाव्याने कर म्हणायची. फक्त दुसऱ्याच्या पानात वाढताना उजवा हात लावायचा आणि तोंडाने 'सावकास जेवा' म्हणायचं, एवढे दोन नेम तिने त्याला लावले होते. ते त्याच्या इतके अंगवळणी पडले होते, की तो डाव्या हाताने ढवळायचा आणि वाढायच्या क्षणी पळी झटकन उजव्या हातात घ्यायचा. जहाजावरचे लोक त्याला हसायचे म्हणे. चित्रफितीतला माणूस बरोबर उलटं करत होता. ढवळत होता उजव्याने, वाढत होता डाव्याने.

माझ्या यंत्राने आणि आयेच्या नजरेने एकच निकाल दिला. ती तांदूळ धुवायला वळली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी बांगडे साफ करत बसले होते. उजवा हात खवल्यांनी माखलेला. आयेने फोन माझ्यासमोर धरला.

"परत इलो बघ तुझो भाऊस," ती कडवटपणे म्हणाली. "बंद कर गो ता."

मी डाव्या हाताने फोन घेतला. बंद करायच्या आधी सवयीने बघितलं. टोपात पळी फिरत होती, ती डाव्या हातात. मग पळी वर आली, हात बदलला, आणि उजव्या हाताने ती पहिल्या पोराच्या ताटात रिकामी झाली.

बांगडा माझ्या मांडीवर पडला.

गोष्ट साधी होती आणि मला ठाऊक होती. फोन कुठल्या हातात धरलाय, हे फोनला पकडीवरून कळतं. चित्रातलं माणूस अंगठ्याच्या बाजूला बघत असेल, तर अंगठा लवकर बटणाकडे जातो. म्हणून फोनचा हात बदलला, की आमची चित्रफीत आरशासारखी उलटते. बहुतेक जग, आयेसुद्धा, उजव्या हातात फोन धरतं, तेव्हा बहुतेक जगाला उलटीच फीत दिसते. कार्यालयात रोज हे बोलणारी मी, घरी बसून विसरले होते.

मी हात धुतले आणि फोन या हातातून त्या हातात घेत त्याच्या शर्टाची बटणपट्टी पाहिली. उजव्या हातात घेतला, की पट्टी बायकांच्या शर्टासारखी उलट्या बाजूला जाई. डाव्या हातात धरलं तेव्हा ती पुरुषांच्या शर्टाला असते तशी. म्हणजे खरं चित्र डाव्या हातातलं. आप्तछटा चेहऱ्याला हात लावते, हातांना नाही. हात त्या माणसाचे स्वतःचे होते.

"आये," मी म्हटलं, "तो दुर्वेशच आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता ही पण आपल्या यंत्रासारखीच बोलायला लागली. मग मी तिला डाव्या हातातला फोन दाखवला. पळीने हात बदलला. आये खाली बसली आणि तिथेच, बांगड्यांच्या पाटीशेजारी, ओक्साबोक्शी रडली.

सोमवारी मी वत्सलमध्ये तक्रार केली. 'चित्रातला माणूस माझा नातलग आहे' अशी तक्रार आली, की तपासनिसाने मूळ चित्रफीत काढून चेहरा ताडून बघावा, असा आमचाच नियम होता. बघत कोणी नसे. सगळे 'छटेचा परिणाम' असा शेरा मारून मोकळे होत. मी आयेच्या नावाने तक्रार घेतली, तिची तपासनीस मीच झाले आणि मूळ फीत उघडली.

मूळ मी आजवर कधीच पाहिलं नव्हतं. आमच्याकडे यायच्या आधी प्रत्येक फितीची निवळणी होते. पाण्यातला गाळ खाली बसवावा तसं चित्रातलं नको ते काढून टाकतात: बंदुका, गणवेश, झेंडे, भिंतींवरच्या घोषणा. त्यामागेही शास्त्र होतं. चित्रात बंदूक दिसली, की बघणारा विचारतो, ही कोणाची? चूक कोणाची? आणि विचारणाऱ्याचा अंगठा थांबतो. म्हणून आमच्या आवाहनांत युद्ध अवकाळी पावसासारखं यायचं. ते कोणी केलेलं नसे, नुसतं झालेलं असे.

मूळ फितीत आवाज नव्हता. चेहरा दुर्वेशचाच, फक्त खंगलेला. त्याच्या घोट्याला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक ट्रकच्या चाकाला. रांगेत पुढे उभे होते ते बंदूकवाले. पोरं होती, पण पार मागे. पुढचे बंदूकवाले पुसले, की पोरं आपोआप पुढे येत. दुर्वेशच्या पाठीशी पहाऱ्याला चौघं. त्यांतला एक तर मिसरूडही न फुटलेला, एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाचं पाऊल पोटरीवर घासत होता. पोती आमचीच होती, वत्सलचा छाप असलेली.

मी तडक गुप्तेबाईंच्या खोलीत गेले. चित्रलेखा गुप्ते आमच्या संचालक. बाई हुशार, आणि वाईट म्हणावं अशा नव्हेत. त्यांनी स्वतः दोन युद्धं जवळून पाहिली होती. माझं सगळं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं.

"बस, भैरवी. पाणी घे. आता तूच सांग, तिथे धान्य कसं पोचतं असं वाटलं तुला?"

"ते आधी खातात. मग उरलं तर पोरं."

"उरतं. ते महत्त्वाचं. त्यांना खाऊ दिलं नाही, तर ट्रकच आत जात नाही. आणि हे लोकांना दाखवलं, तर उद्या ट्रक भरायला कोणी पुढे येणार नाही. म्हणतील, आमच्या धान्यावर लढाया चालल्यात. म्हणणारच."

"खरंच आहे ना ते?"

"खरं आहे. आणि त्या रांगेच्या शेवटची पोरंही खरी आहेत. आता तूच निवड."

 याचं पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणाले, "माझा भाऊ बांधलेला आहे, मॅडम. तुम्हाला दोर दिसला आणि तुम्ही तो पुसलात."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तो तुझा भाऊ आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आता कळलंय. त्याच्याशी तुमचं बोलणं करून देते. सोडवायचंही बघू. पण तोवर याची बाहेर वाच्यता नको, त्याच्याच जिवासाठी. आणि ओळख पटवायला त्याच्या आवाजाचे काही जुने निरोप असतील, तर दे."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, हे मी सांगून ठेवते. पण भाऊ परत मिळायचा असेल, तर पाल तरी काय करणार? मी त्याचे जहाजावरचे निरोप दिले. बहुतेक जेवणाबद्दल आणि कॅप्टनला शिव्या.

दोनच दिवसांत बोलणं ठरलं. वत्सलच्या कार्यालयात, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर. आये नवी साडी नेसून आली होती. गुप्तेबाई मागे उभ्या होत्या.

पडदा उजळला. दुर्वेश चुलीशेजारी बसला होता, मागे वत्सलचा फलक.

"आये, मी बरो असंय," तो म्हणाला. आवाज तोच, हेल तोच. "हय सगळी माका सांभाळतत. पोरांका जेवूक घालतंय. वाट मोकळी झाली काय येतंय मी. तू काळजी करू नको."

गुप्तेबाईंनी डोळे टिपले. मीही टिपले, खोटं का बोलू? आयेचे डोळे मात्र कोरडे. ती खुर्ची पुढे ओढून बसली.

"बाबू, जेवलंस?"

"होय आये."

"मग माका पेज वाढून दाखय. माझ्यासाठी वाढतंस तशी."

तो हसला. टोपात पळी घातली, ढवळली, शेजारच्या ताटात पेज ओतली. मी त्याच्या हातांकडे बघत होते. ढवळली उजव्याने. वाढली डाव्याने, मुकाट्याने.

मी लगेच त्याच्यामागच्या फलकाकडे पाहिलं. 'वत्सल' ही अक्षरं सुलटी होती. चित्र उलटलेलं नव्हतं, आणि तरी हात उलटा होता.

"बरा हा," आये शांतपणे म्हणाली. "जेवान घे हां." आणि तिने माझ्याकडे मान वळवली. "बंद कर गो. हो माझो झील नाय."

मला सगळं एकदम उमगलं. त्यांनी हा माणूस बनवला होता. यंत्राला माणूस शिकवायला चित्रं लागतात, आणि दुर्वेशची हालती चित्रं त्यांच्याकडे एकाच ठिकाणी होती, आवाहनात. लोकांनी सर्वाधिक पाहिलेली फीत यंत्राला घातली गेली, आणि बहुतेक जग फोन उजव्या हातात धरतं. दुर्वेशऐवजी आरशातला दुर्वेश तयार झाला. आवाज मी माझ्या हाताने नेऊन दिला होता.

आये उठली आणि गुप्तेबाईंसमोर जाऊन उभी राहिली. ती बाईंच्या खांद्यापर्यंतही येत नव्हती.

"बाई, तुमी माका पोरगो दाखवलात. हात कोणाचो लावलात तेका? आता खरा सांगा. माझो झील खय असा?"

थोरामोठ्यांपुढे बोलणाऱ्या गुप्तेबाईंनी आयेपुढे मान खाली घातली. अखेर त्या म्हणाल्या, "आम्हाला माहीत नाही. ती फीत आल्यानंतर छावणी दुसरीकडे हलवली. आमचा संपर्क तुटला. तो आहे की... आम्हाला माहीत नाही, मावशी. तुम्हाला निदान शांती मिळावी म्हणून हे केलं."

"शांती?" आये म्हणाली. "अशी शांती मेल्या माणसाच्या घरच्यांका देतत. माझो झील मेलो म्हणान कोणी सांगल्यान?"

त्याच संध्याकाळी मी मूळ फीत लोकांसमोर टाकली. छटा नाही, निवळणी नाही, बासरी नाही. दोर, बंदुका, आमची पोती, सगळं जसंच्या तसं. खाली दुर्वेशचं नाव आणि माझा नंबर. यात दुर्वेशच्या जिवाला धोका होता, हे मला कळत होतं. पण मी गप्प राहिले, तर त्याला सोडवायला कोणी जाणार नव्हतं, कारण जगाच्या दृष्टीने तो खुशीत पोरांना जेवू घालत होता. आयेला विचारलं. ती म्हणाली, "टाक."

माझी नोकरी गेली, ते अपेक्षितच होतं. वत्सलने पत्रक काढलं, की नाराज कर्मचाऱ्याने बनावट फीत पसरवली आहे. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला! कारण मूळ फितीतलं कोणीच त्यांना आपल्यापैकी वाटेना. कोणी लिहिलं, चेहरे किती निर्जीव आहेत. कोणी लिहिलं, यातली पोरं खरी वाटत नाहीत. खऱ्या परक्या माणसाचा चेहरा बघायची सवयच गेली होती, आणि ती घालवण्यात माझाही हातभार होताच. अनोळखी फोन आले, बहुतेक शिव्यांचे. काहींनी विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूच्या?

मग एक फोन आला तो आखातातून. बाईचा आवाज, आखातात कामाला असलेले बोलतात तसली मोडकी हिंदी. नाव नुरेत, मूळची सेरवानची, तिकडे एका इस्पितळात झाडलोट करते.

"वो पीछे बंदूकवाला लड़का," ती म्हणाली, "एक पैर पे खड़ा है ना? वो मेरा ताशिर है."

मी सावध झाले. ही वत्सलची नवी खेळी असेल, किंवा खंडणीवाले. "चेहऱ्यावरून ओळखलंत?" मी हिंदीत विचारलं.

"चेहरा तो बदल गया. कितना सूख गया है. पैर से पहचाना. छोटा था तब से ऐसे ही खड़ा रहता है, मैं डाँटती थी." मग ती रडू लागली. वत्सलचं ते आवाहन तिने कित्येकदा पाहिलं होतं, गावाकडचं आभाळ दिसतं म्हणून. आपला मुलगा त्यात उभा आहे आणि तो पुसून टाकलाय, हे तिला माझी फीत बघून कळलं. शाळेतून येताना त्याला बंदूकवाल्यांनी उचलून नेलं होतं. अधूनमधून चोरून फोन करतो. परवाच केला होता.

पुसलेल्या माणसांनाही आया असतात, हे आमच्या शास्त्रात कुठे लिहिलेलं नव्हतं. तरीही मी विश्वास ठेवला नाही. दोर, पळी, एका पायावर उभा पोरगा, सगळं आता फितीत जगजाहीर होतं. कोणीही बघून सांगावं. मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "बहनजी, एक बात पूछूँ? परसों फोन पे ताशिर ने पूछा था. वो जो खाना देता है तुम्हारा आदमी, सबको थाली में डालके कुछ बोलता है. लड़के लोग हँसते हैं, फिर भी बोलता है. सावकास जेवा. इसका मतलब क्या?"

फितीला आवाज नव्हता. मी वत्सलला दिलेले सगळे निरोप मनातल्या मनात ऐकून पाहिले. त्यांत हे शब्द नव्हते. आम्ही हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आणि ती म्हणाली होती, परवा.

फोन स्पीकरवर होता. आयेने माझ्या हातातून फोन काढून घेतला. तिची हिंदी नुरेतहूनही मोडकी.

"मतलब, आराम से खाओ," आये म्हणाली. "घाई नको. कोई ताट उठाने वाला नाय है." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्हारा लड़का भी जेवता है ना उसके हात का? पेटभर जेवता है?"

पलीकडून हुंदक्यातून होकार आला.

"मग ताशिर को बोलो, मेरे झील को बोलने का. आये ने बोला है. सब लोक को वाढके हो गया, तो तू भी जेव. सावकास."